वाक्यांची मोजपट्टी आणि वाचणारा माणूस



एका पत्राची हकीकत सांगून विषयाला आरंभ करतो. आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणते. मीही तेच म्हणेन. गुरुजींच्या निवृत्तिवेतनाची काही थकबाकी यायची होती. पुष्कळ दिवस वाट पाहिल्यावर एका कचेरीतून त्यांना पत्र आले. ते हातात घेऊन गुरुजी माझ्याकडे आले ते हसतमुखानेच. म्हणाले, "झाले एकदाचे! तीस दिवसांत प्रकरण निकाली काढतो म्हणतात." मीही पत्रावरून वरवर नजर फिरवली आणि त्यांचे अभिनंदन केले. दोघांनी चहा घेतला. तीस दिवस गेले, साठ गेले, आणि चौकशी करता कळले की गुरुजींचे प्रकरण खरोखरच निकाली निघाले होते. म्हणजे बंद झाले होते!

कचेरीचे नाव सांगत नाही, कारण दोष एका कचेरीचा नाही. पत्राचा मजकूर मात्र सांगतो:

"उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपल्या निवृत्तिवेतनाच्या थकबाकीची रक्कम, आपण हयातीचा दाखला विहित मुदतीत सादर न केल्याने, तूर्त प्रदान करणे शक्य नसल्यामुळे सदर दाखला या पत्राच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत या कार्यालयास सादर न झाल्यास आपले प्रकरण आपणास काहीएक म्हणावयाचे नाही असे समजून निकाली काढण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी."

वाक्य एक, शब्द एक्कावन्न. गुरुजींनी तीस वर्षे मुलांना मराठी शिकवली. मीही चार पुस्तके वाचलेला माणूस. तरी आम्हा दोघांना त्या पत्राचा नेमका उलटा अर्थ लागला. त्या दिवसापासून मला एका प्रश्नाने घेरले: लेखन सोपे आहे की अवघड, हे लिहिणाऱ्याला आधी कळण्याचा काही उपाय आहे काय? ताप आला की थर्मामीटर लावतो, तसे काही लिखाणाला लावता येईल काय? थोडे वाचन केल्यावर दिसले की असा थर्मामीटर तयार करण्याचा खटाटोप पाश्चात्त्य देशांत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि तिचा शेवट जिथे होतो तिथे गुरुजींचे पत्र पुन्हा आपली वाट पाहत बसलेले आहे.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात शर्मन नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजी वाङ्मय शिकवता शिकवता त्यांना वाक्ये मोजण्याचा नाद लागला. एलिझाबेथ राणीच्या आधीच्या काळातले ग्रंथ घ्यावेत, नंतरचे घ्यावेत, आणि एकेका वाक्यात किती शब्द येतात ते मोजीत बसावे! १८९३ साली त्यांनी याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना आढळले असे की, जुन्या गद्यात वाक्याची सरासरी पन्नास शब्दांच्या आसपास होती, ती उतरत उतरत त्यांच्या काळी तेविसावर आली होती. भाषा बोलण्याच्या जवळ सरकत होती. काव्यशास्त्रविनोदात रमलेल्या त्यांच्या स्नेह्यांना हा वाण्याचा हिशेब वाटला असेल. परंतु शैलीसारखी निसटती वस्तूही आकड्यांत काही अंशी धरता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे टोक शब्दांचे. १९२१ साली थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने दहा हजार इंग्रजी शब्दांची एक यादी छापली. कोणता शब्द छापील मजकुरात किती वेळा येतो हे मोजून ती केलेली होती. वारंवार येणारा शब्द तो ओळखीचा, क्वचित येणारा तो अनोळखी, असा साधा विचार. शाळांना याची मोठी निकड होती, कारण शास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत पारिभाषिक शब्दांची इतकी दाटी होई की शिक्षकाचा निम्मा तास शब्दार्थ सांगण्यातच जाई.

पुढे १९३५ मध्ये ग्रे आणि लिअरी या दोघांनी ग्रंथपालांना, प्रकाशकांना, शिक्षकांना आणि वाचकांना विचारले की, पुस्तक वाचनीय कशाने होते? उत्तरांतून दोनशेहून अधिक गोष्टी निघाल्या. त्यांची चार गटांत वाटणी झाली: विषय, शैली, मांडणी, आणि छपाईचे बाह्य रूप. पहिला क्रमांक विषयाचा लागला, शैली त्याच्या थोडी मागे. आता पुढे काय झाले पाहा. विषय मोजायचा कसा? मांडणी मोजायची कशी? त्या मोजता येईनात. म्हणून संशोधकांनी शैली घेतली, शैलीतले जे मोजता येते ते घेतले, आणि शेवटी त्यांच्या सूत्रात पाच गोष्टी उरल्या. वस्तू अंगणात हरवली असताना उजेड आहे म्हणून ओसरीवर शोधणाऱ्या माणसाची आठवण येथे काहींना होईल. मी इतके कठोर म्हणणार नाही. ओसरीवरही काही सापडले, हे खरे आहे. परंतु दोनशेतल्या पाचच गोष्टी आपण मोजतो आहोत, एवढे ध्यानात ठेवू या.

या साऱ्या खटाटोपाला लोकांच्या घरात नेऊन पोचवणारा माणूस म्हणजे रुडॉल्फ फ्लेश. हा जन्माने व्हिएन्नाचा, १९११ सालचा. तिथे कायदा शिकला. नाझींच्या भयाने देश सोडून १९३८ साली अमेरिकेत गेला आणि कोलंबिया विद्यापीठातून १९४३ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. परक्या घरात गेलेल्या माणसालाच उंबरठा कुठे उंच आहे हे पायाला ठेच लागून कळते. घरच्यांना तो दिसतही नाही.

फ्लेशने १९४८ साली आपले सूत्र प्रसिद्ध केले. ते असे: मजकुराच्या एका वाक्यात सरासरी किती शब्द येतात ते काढावे. त्यास १.०१५ ने गुणावे. मग शंभर शब्दांत उच्चाराचे किती अवयव येतात ते मोजावे आणि त्यास ०.८४६ ने गुणावे. अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. 'पाणी' या शब्दात असे दोन तुकडे आहेत. या दोन्ही रकमा २०६.८३५ मधून वजा कराव्यात. जे उरेल ते मजकुराचे गुण. गुण शंभराकडे गेले तर मजकूर पोरासोरांनाही समजेल; साठ ते सत्तरच्या दरम्यान असले तर साधी, सर्वांना झेपणारी इंग्रजी; आणि तिसाच्या खाली गेले तर पंडितांनी पंडितांसाठी लिहिलेले समजावे.

उदाहरण करून पाहू. वाक्याची सरासरी वीस शब्द आणि शंभर शब्दांत दीडशे अवयव, असा एक उतारा घ्या. वीस गुणिले १.०१५ म्हणजे २०.३. दीडशे गुणिले ०.८४६ म्हणजे १२६.९. दोहोंची बेरीज १४७.२. ती २०६.८३५ मधून वजा जाता सुमारे साठ उरतात. आता शब्द तेच ठेवून वाक्ये निम्म्याने आखूड केली, सरासरी दहावर आणली, तर गुण सत्तरावर जातात. एवढेच. गुणाकार आणि वजाबाकी येणाऱ्या कोणालाही हे जमण्यासारखे आहे, आणि त्याच्या लोकप्रियतेचे रहस्यही त्यातच आहे. फ्लेशने याच्या जोडीला दुसरेही एक माप दिले होते. मजकुरात माणसे किती येतात, 'तुम्ही', 'आम्ही' किती येते, प्रत्यक्ष बोलणे किती येते, हे मोजणारे. ते मात्र मागे पडले. माझ्या मते तेच अधिक मार्मिक होते.

चार वर्षांनी, १९५२ साली, रॉबर्ट गनिंग यांनी आणखी सोपी रीत काढली. वाक्याची सरासरी लांबी घ्यायची, तीत शेकडा किती शब्द तीन किंवा अधिक अवयवांचे आहेत तो आकडा मिळवायचा, आणि बेरजेला ०.४ ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे मजकूर समजण्यास शाळेत किती वर्षे काढलेली असावीत त्याचा अंदाज. वीस शब्दांची वाक्ये आणि शेकडा दहा अवघड शब्द असतील, तर बारा वर्षे. या मापाला त्यांनी नाव दिले धुक्याचे. मजकुरात धुके किती दाटले आहे ते मोजायचे! नाव देण्यातही सुबोधता असते ती अशी.

वृत्तसंस्थांनी या दोघांना सल्ल्यासाठी बोलावले. असोसिएटेड प्रेसने फ्लेशला आणि युनायटेड प्रेसने गनिंगला. १९७५ साली अमेरिकेच्या नौदलाने फ्लेशच्या सूत्राची नव्याने जुळणी करून घेतली, कारण यंत्रे दुरुस्त करणाऱ्या खलाशाला माहितीपुस्तक कळले नाही तर बोट अडते. पुढे विमा कंपन्यांची पाळी आली. फ्लोरिडा राज्याच्या विमा कायद्यात पॉलिसीच्या मजकुराला फ्लेशच्या पट्टीवर किमान ४५ गुण मिळाले पाहिजेत असा दंडक आहे. बारीक टायपातल्या कलमांनी ज्यांचे हात पोळले असतील त्यांना या कायद्याचे मोल सांगायला नको. १९८० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत लोरिंडा चेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजण्याचे काम संगणकाकडे सोपवले. त्यांच्या एका कार्यक्रमणिकेत वाक्यांची लांबी मोजली जाई, तर दुसरीत पाल्हाळिक शब्दप्रयोगांची यादी असे आणि मजकुरात ते आढळले की संगणक त्यांवर बोट ठेवी. आज घरच्या संगणकावर पत्र टाइप करतानाही, ते इंग्रजीत असेल तर, फ्लेशचे गुण एका कळीसरशी मिळू शकतात.

आता आपल्या घरी येऊ. ही पट्टी मराठीला लावली तर काय होते?

पहिली अडचण वाक्याची. वाक्य मोजायचे तर ते कुठे संपले हे दिसले पाहिजे. मोडी पत्रांत ओळ सलग धावते. शब्दही तोडलेले नसतात, मग पूर्णविराम कुठचा? आपल्याकडे विरामचिन्हांचा प्रघात पडला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे बरेचसे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. तथापि चिन्हे नव्हती म्हणून वाक्ये लांबलचकच होती असे मात्र नाही. तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र' उघडून पाहावे. त्यातले गद्य छोट्या छोट्या, बोलक्या वाक्यांचे आहे. तेव्हा लांब वाक्य हा मराठीचा स्वभावच आहे, असे कचेरीतल्या कोणी सांगितले तर ऐकू नये.

दुसरी अडचण शब्दांची, आणि ती खरी गंमतीची आहे. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोन शब्द होतात. इंग्रजीत तेवढेच सांगायला आठ शब्द खर्ची पडतात. आपली भाषा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटवते. म्हणून इंग्रजीत वीस शब्दांचे वाक्य मध्यम गणले जात असेल, तर मराठीत वीस शब्दांचे वाक्य चांगलेच भरलेले असते. इंग्रजीची मर्यादा उचलून येथे आणली तर ती सैल पडते. उलट, शब्दाच्या लांबीवरून त्याची अवघडाई ठरवू गेलो तर भलतेच निघते. 'शेजाऱ्यांकडून' या शब्दात लिहिलेली सहा अक्षरे आहेत. तो तीन वर्षांच्या मुलाला कळतो. 'विहित' यात तीनच अक्षरे, 'तूर्त' यात दोनच. ते कळायला कचेरीत नोकरी करावी लागते. इंग्रजीत अवघड शब्द बहुधा लॅटिनवरून आलेले आणि म्हणून लांब असतात, त्यामुळे लांबी हे तिथे अवघडपणाचे बरे लक्षण ठरते. आपल्याकडे शब्द लांब होतो तो पुष्कळदा साध्या प्रत्ययांनी. फ्लेशची पट्टी शेजाऱ्याला परका ठरवील आणि 'विहित'ला घरचा!

खरगपूरच्या आयआयटीतील काही संशोधकांनी २०१२ साली हिंदी आणि बंगाली मजकुराच्या सुलभतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजीची सूत्रे या भाषांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत असे त्यांना आढळले, आणि जोडाक्षरांची संख्या हे तिथे मोजण्याजोगे एक लक्षण निघाले. मराठीलाही हे बरेचसे लागू पडावे असे मला वाटते. परंतु त्यातही विवेक हवा. 'रस्ता', 'दुष्काळ', 'म्हातारा' यांत जोडाक्षरे आहेत म्हणून कोणी अडखळत नाही. खरा उपाय थॉर्नडाइकचाच: कोणता शब्द किती वेळा येतो याची यादी. मात्र ती करताना घर, घरात, घराला, घरापर्यंत ही सारी एकाच घरातली माणसे आहेत हे यंत्राला कळले पाहिजे. म्हणजे आधी प्रत्यय सोडवता आले पाहिजेत. मुंबईच्या आयआयटीत या दिशेने भाषेच्या संगणकीय अभ्यासाचे काम झालेले आहे. सोपा शब्द म्हणजे शुद्ध मराठी शब्द, अशीही एक समजूत आहे. ती या यादीपुढे टिकत नाही. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे सांगतात, आणि 'वेतन' संस्कृत आहे. महिनाअखेरीस बायको नवऱ्याला काय विचारते ते आपण सर्व जाणता.

अशी तयार मोजपट्टी घरोघरी येईपर्यंत आपण स्वस्थ बसावे असे मात्र नाही. पेन्सिल घेऊन कोणालाही चार गोष्टी मोजता येतात. मी गुरुजींच्या पत्रावर त्या मोजल्या. एक, वाक्याची लांबी: एक्कावन्न शब्द. दोन, नकार: 'न केल्याने', 'नसल्यामुळे', 'न झाल्यास', 'म्हणावयाचे नाही'. एका वाक्यात चार नकार! नकारावर नकार आला की वाचणाऱ्याला मनात उलटेसुलटे वजा करावे लागते, आणि दोनदा वजा करताना माणूस चुकतो. तीन, 'कळविण्यात येते', 'काढण्यात येईल' अशी कर्ता लपवणारी क्रियापदे: दोन. कोण कळवतो, कोण काढतो, पत्ता नाही. चार, आणि हे मराठीत फार महत्त्वाचे आहे, क्रियापदापर्यंत वाचणाऱ्याला किती चालावे लागते. आपले क्रियापद शेवटी येते. पाहुण्याला दाराशी उभे करून ठेवावे तसे थकबाकीची 'रक्कम' हा शब्द आल्यापासून तिचे काय होणार हे कळायला तेरा शब्द थांबावे लागते, आणि तोवर मध्येच हयातीचा दाखला येऊन उभा राहतो.

एवढे मोजल्यावर मी पत्र दुरुस्त करायला घेतले. पहिला प्रयत्न नुसता कात्रीचा केला: "आपण दाखला सादर केला नाही. थकबाकी प्रदान करणे शक्य नाही. दाखला तीस दिवसांत सादर करावा. प्रकरण निकाली काढण्यात येईल." चार वाक्ये, एकोणीस शब्द, सरासरी पाचाहूनही कमी. पट्टीवर हा मजकूर उत्तम ठरेल. आणि तो मूळ पत्राहून वाईट आहे! दाखला न दिल्यामुळे थकबाकी अडली, हा कार्यकारणाचा धागा तुटला. दाखला दिला नाही तरच प्रकरण बंद होईल, ही अट नाहीशी झाली. लांब वाक्यातला 'म्हणून', 'तर', 'कारण' हा चुना असतो. विटा सुट्या केल्या म्हणजे भिंत सोपी होते असे नाही. १९८२ साली अमेरिकेत डफी आणि त्यांच्या सहकाऱ्याने याची परीक्षा पाहिली होती. सूत्राला पसंत पडतील असे शब्द आणि वाक्ये घालून उतारे सोपे केले. गुण सुधारले, वाचणाऱ्यांची समजूत मात्र फारशी सुधारली नाही. थर्मामीटर थंड पाण्यात बुडवल्याने ताप उतरत नाही.

मग दुसरा प्रयत्न केला: "आपण हयातीचा दाखला दिलेला नाही. म्हणून निवृत्तिवेतनाची थकबाकी अडून राहिली आहे. दाखला ३० जूनपर्यंत या कार्यालयात आणून द्या. त्या दिवसापर्यंत दाखला आला नाही, तर थकबाकीचे प्रकरण बंद होईल." अठ्ठावीस शब्द, सरासरी सात, नकार दोन. 'निकाली' गेले आणि 'बंद' आले. पाहा, 'निकाली काढणे' यात लांब शब्द नाही, अवघड शब्द नाही; कोणतीही मोजपट्टी त्यावर बोट ठेवणार नाही. पण घरात 'मुलीच्या लग्नाचा प्रश्न निकाली निघाला' म्हणतो तेव्हा पेढे वाटतात, आणि कचेरीत प्रकरण निकाली निघते तेव्हा पुष्कळदा नुसती फाइल बांधतात. एकच शब्द, दोन गावांत दोन अर्थ. सारा घोटाळा तिथेच झाला होता.

मला माझ्या मसुद्याचा थोडा अभिमान वाटला. तो घेऊन मी गुरुजींकडे गेलो आणि म्हणालो, "समजा, हे पत्र तुम्हाला आले असते, तर तुम्ही काय केले असते?" गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, "काहीच केले नसते. दाखला तर मी नोव्हेंबरातच बँकेत दिलेला आहे. कचेरीचीच काही चूक झाली आहे असे वाटले असते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बँकेत दिलेला दाखला त्या थकबाकीच्या कामाला चालत नव्हता. कचेरीला तो वेगळा हवा होता. ही गोष्ट मूळ पत्रात नव्हती, माझ्या मसुद्यातही नव्हती. जे वाक्य कागदावर नाहीच त्याची लांबी कोणती पट्टी मोजणार? मी पाचवे वाक्य घातले: "बँकेत दिलेला दाखला या कामी चालणार नाही." सात शब्द. गुरुजी म्हणाले, "आता गेलो असतो."

म्हणून माझे म्हणणे असे की, मोजपट्टी प्रथम लावावी, पण परीक्षा वाचणाऱ्याकडून घ्यावी. तीही 'समजले का?' असे विचारून नव्हे. 'समजले' असे सर्वजण म्हणतात, शिष्टाचार म्हणून तरी. विचारावे: आता तुम्ही काय कराल? कधीपर्यंत? नाही केले तर काय होईल? तीन माणसांना विचारले तरी मसुद्याची भोके दिसू लागतात. विल्सन टेलर या संशोधकाने १९५३ साली आणखी एक युक्ती सुचवली होती. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचणाऱ्याला गाळलेल्या जागा भरायला सांगायचे. जितक्या जागा बरोबर भरल्या जातील तितका मजकूर वाचणाऱ्याच्या मनाशी जुळलेला. शाळेत आपण गाळलेल्या जागा मुलांची परीक्षा घेण्यासाठी भरून घेतो. टेलरने त्या लेखकाची परीक्षा घेण्यासाठी वापरल्या. हे घरी करून पाहण्याजोगे आहे. एखादे परिपत्रक घ्यावे, शब्दांवर कागदाचे तुकडे चिकटवावेत आणि घरातल्या मंडळींना बसवावे. संध्याकाळ मजेत जाते आणि परिपत्रक लिहिणाऱ्याविषयी पुष्कळ माहिती मिळते.

फ्लेशने आपले सूत्र छापले त्याच १९४८ साली इंग्लंडात सर अर्नेस्ट गॉवर्स यांचे साध्या शब्दांविषयीचे पुस्तक आले. ब्रिटिश अर्थखात्याने ते सरकारी नोकरांसाठी मुद्दाम लिहवून घेतले होते. त्यात सूत्र नाही, आकडे नाहीत. पत्र मिळणाऱ्याच्या जागी स्वतःला कल्पावे, ही त्याची मुख्य शिकवण. एकाच वर्षी दोन देशांत दोन वाटा निघाल्या. एक मोजण्याची, एक कल्पिण्याची. मला विचाराल तर घाईत असलेल्या कारकुनाला मोजण्याची वाट अधिक उपयोगी पडते, कारण कल्पना करायला फुरसत लागते आणि मोजायला दोन मिनिटे पुरतात. एक्कावन्न हा आकडा दिसला असता तरी त्या पत्राचा लेखक क्षणभर थबकला असता.

अलीकडे संगणक वाक्ये नुसती मोजत नाही, ती नव्याने लिहूनही देतो. त्यांतल्या एकाला मी गुरुजींचे पत्र दिले. त्याने वाक्ये छान सुटसुटीत केली, नकारही कमी केले. 'निकाली' मात्र तसाच ठेवला. बँकेची गोष्ट त्याला कळण्याचा संभवच नव्हता. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. ती मलाही कळली नव्हती. या व्याख्यानाच्या पहिल्या खर्ड्यात माझेच एक वाक्य छप्पन्न शब्दांचे निघाले, म्हणजे कचेरीच्याही पाच शब्द पुढे.

गुरुजींनी दाखला दिला, अर्ज केले, खेटे घातले. प्रकरण पुन्हा उघडायला दीड वर्ष लागले. परवा त्यांना त्याच कचेरीचे नवे पत्र आले. ते घेऊन ते थेट माझ्याकडे आले, या वेळी गंभीर चेहऱ्याने. पत्र एका ओळीचे होते: "आपले थकबाकीचे प्रकरण निकाली काढण्यात आले आहे." सातच शब्द, फ्लेशसाहेबांनी खुशाल पसंत केले असते. आम्ही दोघांनी ते तीनदा वाचले, एकमेकांकडे पाहिले, आणि गुरुजी पासबुक भरून आणायला बँकेत गेले.